बेलेनसचा कौल

देवाच्या काखेत पुरळ उठलं होतं आणि आता ते पिकायला लागलं होतं.

जहूरने किसनचा हात वर धरला, आत डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "शी! काय रे हे? परवापर्यंत नुसतं लाल होतं."

"रंग लाव," किसन म्हणाला. "साहेब येतील."

"ह्याच्यावर? ब्रश टेकवायला चांगली जागा तरी ठेवलीस का?"

"मग स्पंजने लाव. पण लवकर."

जहूर रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. सेंटरचा ड्रायव्हर तोच, नळ गळला तर प्लंबर तोच, आणि रोज सकाळी देव रंगवणाराही तोच. त्याने नाक चिमटीत धरून स्पंज बुडवला. "आमच्यात मूर्तीच्या वाटेला जात नाहीत, आणि मी उठून पहिलं काम काय करतो, तर तुला सोनेरी करतो. माझ्या आईला कळलं तर ती मला ताटावर बसू द्यायची नाही."

"मी कुठे मूर्ती आहे?"

"हलत नाहीस, बोलत नाहीस, लोक तुझ्या पाया पडतात. अजून काय राहिलं मेल्या?"

किसन हसला नाही, कारण हसलं की गालावरचा रंग तडकायचा आणि पुन्हा सगळं तोंड फासावं लागायचं. तो रंग माणसाच्या अंगासाठी नव्हताच. भिंतींवर प्लास्टरच्या वेली काढतात, त्यांना सोनेरी मुलामा द्यायची पावडर होती ती. मालक परेश ती ग्लिसरीन आणि तेलात कालवायला लावायचा. डबा एकदा उघडला की संपेपर्यंत वापरायचा, त्यामुळे तेल खवट व्हायचं. मग त्या वासावर पेपरमिंटचा फवारा. खवट तेल, माणसाचा घाम आणि वरून पेपरमिंट. किसनला जेवताना घासालाही तोच वास यायचा.

दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये, काचेच्या एका टॉवरच्या पहिल्या मजल्यावर ते सेंटर होतं. खाली सुपरमार्केट आणि फार्मसी, वर आयटी कंपन्यांची ऑफिसं, आणि मध्ये 'बेलेनस लाइट लाउंज'. कागदोपत्री ते आराम करण्याचं ठिकाण होतं. "देव म्हणायचं नाही," परेश सगळ्या स्टाफला बजावायचा. "थीम म्हणायचं. उपचार म्हणायचं नाही. अनुभव म्हणायचं." आणि मग गिऱ्हाईक आत आलं की तोच परेश आवाज खाली आणून, डोळे अर्धे मिटून, देव आणि उपचार याखेरीज दुसरं काही बोलायचा नाही.

बेलेनस हा देव त्याने इंटरनेटवरून उचलला होता. पण देव खोटा नव्हता. फार पूर्वी युरोपात केल्ट नावाचे लोक राहायचे, त्यांचा तो तेजाचा देव. त्याच्या नावाचा अर्थच झळझळीत, उजळ असा सांगतात. जिथे झरे असायचे तिथे त्याचं ठाणं, आणि आजारी माणसं त्या झऱ्यांवर बरं व्हायला यायची. एका ठिकाणी त्याला मातीचे छोटे घोडे वाहायचे. हे सगळं स्पीकरवरून जाड, घोगऱ्या इंग्रजीत दिवसभर वाजायचं. किसनला अर्धंमुर्धं कळायचं. घोड्यांचं कळलं तेव्हा त्याला गंमत वाटली होती. इतक्या लांबचा देव आणि मागतो काय, तर मातीचा घोडा. हा आपल्या वेशीवर बसला असता तरी कुणाला परका वाटला नसता.

मूळचा किसन गुरवाच्या घरातला. गुहागरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत त्याचं गाव. वडील सदानंद गुरव ग्रामदेवतेची पूजा करायचे आणि कौल लावायचे. कुणाला गाय विकायची असायची, कुणाला मुलगी द्यायची असायची, कुणाला नुसतीच भीती वाटत असायची. ती माणसं येऊन बसायची. वडील पाषाणाच्या दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेली पाकळी चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि सगळे त्या पाकळ्यांकडे टक लावून बसायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. किसनने लहानपणी असे कौल इतके पाहिले होते की पाकळी कडेने कशी सुटते, आधी कशी थरथरते, ते त्याला डोळे मिटूनही दिसायचं.

घरात सगळ्यांपेक्षा गोरा तो, आणि डोळे आईसारखे घारे. शाळेत पोरं त्याला मांजर म्हणायची. दहावीत गणिताने दगा दिल्यावर तो चिपळूणला रंगकामाला लागला, तिथून एजंटमार्फत शारजाला, बिल्डिंगच्या साइटवर. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दाटीवाटीची खोली, पहाटे बस, दुबईच्या रस्त्यावर न हलणाऱ्या गाड्यांची रांग, दिवसभर मान वर करून छताला रंग. जहूर त्याच खोलीत राहायचा. त्यानेच एक दिवस काम आणलं, कुणाच्या तरी लाउंजमध्ये भिंतीवर मोठी सोनेरी सूर्याची तबकडी रंगवायची होती.

तबकडी पुरी होत आली तेव्हा शिडीवर उभ्या किसनच्या केसांत, भुवयांत, मानेवर सोनेरी भुकटी बसली होती. परेश दारातून आत आला आणि जागीच थांबला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "इकडे बघ. माय गॉड, काय डोळे आहेत!"

कुणी गोरा परदेशी मॉडेल आणायचा त्याचा विचार होता, पण ते परवडत नव्हतं. किसन परवडत होता. अट एकच होती. चौथऱ्यावर उभं राहायचं, श्वास हळू घ्यायचा, गिऱ्हाईक असेपर्यंत हलायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं त्या दिवशी नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसा. किसनने गावाकडे फोनवर सांगितलं, रंगाचंच काम आहे, पण एसीत.

व्हिडिओ कॉलवर त्याची आई, प्रभावती, पडद्याला डोळा लावून बघायची. "कानात काय रे ते पिवळं?"

"रंग गं आई."

"कान धुवायला पाणी नाही का तिकडे?"

आई खाटेवर बसलेली असायची, आणि चादरीखाली उजवा पाय जिथे संपायचा तिथे चादर एकदम सपाट व्हायची. तिला साखर होती. ती इन्शुलिन घ्यायची ते किसनच्या पगारातून यायचं. पण पाय इन्शुलिनच्या आधी गेला होता.

अंगठ्याला साधी जखम झाली होती. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढू या, म्हणजे पाय वाचेल. आई रडली. वडिलांनी कौल लावला. कापू नये असं असेल तर उजवी दे, महाराजा. उजवी पडली. मग झाडपाला, मग अंगारा. मागच्या खोलीत उदबत्त्या लावून ठेवायचे, कारण पायाला वास यायला लागला होता. मेलेली घूस भिंतीत अडकून कुजावी तसा वास, आणि त्याच्यावर चंदनाची उदबत्ती. किसन पट्टी सोडायचा तेव्हा पट्टीबरोबर कातडी यायची. एकदा पट्टीत काहीतरी वळवळलं आणि तो परसात जाऊन ओकला. शेवटी नेली तेव्हा गुडघ्याखालचं काही शिल्लक ठेवता आलं नाही.

आईला घरी आणल्यावर वडील त्याला देवळात घेऊन गेले होते. मग गाभाऱ्याच्या उजव्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथून ऊन येतं. ज्या अंगाला ऊन, ती पाकळी आधी सुकते. सुकली की पडते. मला हे माहीत होतं रे. पण बायकोच्या वेळी मी ते मुद्दाम विसरलो." त्यानंतर त्यांनी कौल लावणं सोडलं. आणि किसनला कुठलीही उदबत्ती सहन होईनाशी झाली.

आता तो स्वतःच पाषाण होऊन पेपरमिंटमध्ये उभा होता.

त्याच्या पायाशी झरा होता. झरा म्हणजे फायबरचा कुंड. तळाशी मोटर, वर निळा दिवा, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या. माणसं त्यात पाय सोडून बसायची. टाचांना भेगा पडलेली, बुरशीने नखं हिरवी झालेली, खाजवून खाजवून कातडी उडालेली माणसं. पाणी कोमट असायचं आणि तेच पाणी फिरत राहायचं. कडेला बोट फिरवलं तर शेंबडासारखा बुळबुळीत थर हाताला यायचा. केस, मेलेल्या कातडीचे पापुद्रे, एखादं सुटलेलं बँडेज. जहूर जाळीने वरचं वरचं काढायचा आणि परेशला म्हणायचा, "साहेब, पाणी बदलू या." परेश म्हणायचा, "पाकळ्या वाढव."

परदेशी माणसं निदान पाय बुडवून निघून जायची. आपली माणसं तसं करायची नाहीत. आपल्याला देवापुढचं पाणी दिसलं की उजव्या हाताची पळी आपोआप होते. ज्या पाण्यात आधीच्या बाईने तळपाय घासलेले असायचे, तेच पाणी ओंजळीत घेऊन आपली शिकलेली, इस्त्रीच्या शर्टातली माणसं डोळे मिटून प्यायची आणि ओला हात डोक्यावरून फिरवायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा किसनच्या पोटातून उमासा वर आला आणि त्याने तो गिळला. देवाला ओकता येत नाही.

पाया पडणारे वेगळे. कुणी कपाळ टेकवून घामाचा डाग ठेवायचं. एक गृहस्थ दर वेळी त्याच्या पायाच्या अंगठ्याचा मुका घ्यायचे, आणि गृहस्थांच्या मिशा ओल्या असायच्या. परेश तर सामोसा खाता खाता यायचा, बोटाला लागलेली चटणी चोखायचा आणि त्याच ओल्या बोटाने किसनच्या कपाळावरचा मुकुट सरळ करायचा. "बसलाय आता नीट देव!"

दर्शना पहिल्यांदा आली तेव्हा किसनने तिच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. ऑफिसमधून तशीच आलेली बाई, गळ्यात ओळखपत्र, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. पण ती मराठीत बोलली आणि त्याचे कान टवकारले. दापोलीकडची होती. नवरा फुजैराला बंदरावर, जहाजांना तेल भरण्याच्या कामात, आठवड्याच्या शेवटी घरी यायचा. मुलाचं नाव विघ्नेश. त्याच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नव्हतं. जेवणाआधी सुई, झोपताना सुई, दंडावर चिकटवलेली गोल चकती, जी आईच्या मोबाइलवर साखर दाखवत राहायची. साखर खाली गेली की मोबाइल ओरडायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ओरडायचा, स्वयंपाक करताना ओरडायचा.

"थकले हो मी," ती परेशला म्हणाली. "पोटावर जागा उरली नाहीये. निळं पडलंय सगळं. मी सुई काढली की तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जसं काही मी त्याची कुणी नाहीच."

परेशने मान तिरकी करून सहानुभूतीचा चेहरा केला. "मॅडम, औषध बंद करा असं मी कधीच म्हणत नाही हं. मी फक्त म्हणतो, शरीराला संधी द्या. आपण सुयांनी त्याला आळशी करून ठेवलंय. ही प्लास्टिकची चकती तर प्रकाश आत जाऊच देत नाही. बघा, तुमची इच्छा."

किसन चौथऱ्यावरून ऐकत होता. जबडा आवळल्यामुळे गालावर बारीक भेग पडली.

पुढच्या खेपेला मुलाच्या दंडावर चकती नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला दर्शना परेशला म्हणाली, की तिने डोस निम्मा केलाय, आणि तो बरा वाटतोय ना? परेश म्हणाला, चेहऱ्यावर तेज दिसतंय. तेज कसलं, गालफडं बसली होती पोराची. तो कुंडाच्या कडेवर बसून पाय हलवत होता आणि सारखा बाटलीतून पाणी पीत होता.

"किती पाणी पितोयस विघू?"

"आय ॲम थर्स्टी, मम्मा."

"आत्ता तर प्यालास."

"आय नीड द टॉयलेट अगेन."

त्या दिवशी रंग पुसून घेताना किसन जहूरला म्हणाला, "त्या बाईला कुणीतरी सांगायला हवं रे."

"मी सांगू? बायकांना बघून ड्रायव्हर बोलायला गेला म्हणून माझीच तक्रार होईल."

"तिच्या नवऱ्याचा नंबर?"

"तुझ्याकडे आहे?" जहूरने कापूस त्याच्या काखेपाशी नेला आणि किसन कळवळला. "हे आधी दाखव तू. छातीकडे सरकतंय. रंगाखाली दिसत नाही म्हणून काय नाहीये का?"

खरोखरच ते काखेतून डाव्या छातीवर उतरलं होतं. दिवसभर दिव्याखाली घाम यायचा, घामाला बाहेर पडायला वाट नव्हती, आणि आत सगळं शिजायचं. सूर्याच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना मोठे दिवे होते. त्यातला डावा बंद पडला होता. जहूरने सांगूनही परेशने बदलला नव्हता. उजवी बाजू भाजायची आणि डावी ओलीच राहायची.

मग ती आली ते शुक्रवारी दुपारी. लाउंजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. परेश बाहेर काउंटरवर फोनवर होता. विघ्नेश चालत आला, पण आल्याबरोबर कुंडाच्या कडेवर आडवा झाला. दर्शनाने त्याचे पाय पाण्यात सोडले आणि तेच पाणी ओंजळीत घेऊन त्याला घोटभर पाजलं, ओला हात त्याच्या तोंडावरून फिरवला.

मुलाच्या तोंडाला वास येत होता. कुंडाचा नव्हे, वेगळा. नासलेल्या फळासारखा गोड आणि नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा उग्र. इतक्या घाणेरड्या वासांत उभं राहून सवय झालेल्या माणसालाही तो ओळखीचा नव्हता, आणि म्हणून त्याची जास्त भीती वाटली.

दर्शना चौथऱ्यापाशी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, स्पीकरचा आवाज कमी केला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि कुंडात हात घालून पाण्यातल्या दोन पाकळ्या उचलल्या. चवड्यांवर उभी राहून तिने एक किसनच्या उजव्या छातीवर चिकटवली आणि एक डाव्या.

त्याच्या सगळ्या अंगावर काटा आला. पाकळ्या ओल्या, बुळबुळीत होत्या. पण काटा त्यामुळे नव्हता.

"हे बा देवा महाराजा," ती हात जोडून, हलक्या आवाजात म्हणाली. "तू परमुलखातला. तुझं नाव मला नीट घेता येत नाही. आमच्या गावचा देव इथे नाही, तिकडे जाऊन विचारायला मला रजा नाही. तू उजेडाचा देव आहेस, रोग बरे करणारा आहेस म्हणतात. माझ्या लेकराच्या सुया बंद करू का, ते सांग. बंद कर असं असेल तर उजवी दे. चालू ठेव असं असेल तर डावी दे. मी विचारून विचारून दमले, आता तूच ठरव महाराजा." मग ती मागे वळली. "विघू, म्हण, होय महाराजा."

"येस महाराजा," पोरगं झोपल्या झोपल्या म्हणालं.

किसनला समोर दर्शना दिसत होती आणि तिच्या जागी खाटेवरची आई दिसत होती. उजव्या बाजूला दिवा होता. उजव्या छातीवर कातडी भाजल्यासारखी कोरडी झाली होती. पाकळीतलं पाणी उडायला लागलेलं त्याला जाणवलं, मग तिची एक कड वर उचलली गेल्याचंही. डावी बाजू अंधारात होती, घामाने निथळत होती, आणि खाली पुरळ फुटलं होतं. ती पाकळी नुसती चिकटली नव्हती, पुवात रुतली होती. ती आज काय, उद्याही पडली नसती.

त्याने डावी छाती आवळली. पाकळी हलली नाही. खांदा तसूभर मागे नेला. आतून आग झाली, पाकळी तशीच. उजवी आता थरथरत होती. दर्शना डोळ्यांची पापणी न हलवता तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काहीतरी उमटायला लागलं होतं. तिला उजवीच हवी होती. कौल लावणाऱ्याला काय हवंय हे वडिलांना नेहमी कळायचं. त्यालाही कळलं.

तोंड उघडलं तर नोकरी जाणार, आणि आईची औषधं त्या नोकरीवर. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मुलाच्या तोंडाच्या त्या वासात विरघळून गेला.

देवाने हात उचलला. उजवी पाकळी पडायच्या आत तिच्यावर तळवा दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने डावी पाकळी ओढून काढली.

पाकळी एकटी आली नाही. तिच्याबरोबर सोनेरी रंगाचा पापुद्रा आला, खपली आली आणि खालून पिवळं, लाल असं काहीतरी ओघळलं. सोन्याच्या छातीत तळहाताएवढं नागवं मांस उघडं पडलं. किसनने ती लडबडलेली पाकळी दर्शनापुढे धरली.

"डावी," तो म्हणाला.

"शी!" दर्शना किंचाळली. "ई, शी! काय आहे हे?" तिने ओढणी नाकाला लावली, मागे सरली आणि कुंडाच्या कडेला आपटली.

"ताई, मी देव नाही. मी गुहागरकडचा किसन, गुरवाचा मुलगा. माझा बाप कौल लावायचा. उजवी दिव्याने सुकून पडणार होती, बघा, इकडचा दिवा बंद आहे. माझ्या आईचा पाय असाच गेला. पोराच्या तोंडाला वास येतोय, ताई. त्याला सुई द्या, हॉस्पिटलला न्या."

त्याच्या शब्दांकडे तिचं लक्ष नव्हतं. ती त्या जखमेकडे बघत होती, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे, ज्या हातांनी ती पाकळी लावली होती. मग पाण्याकडे. जणू ते पाणी तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं. कडेचा थर, तरंगणारे केस, आणि त्यात मुलाचे पाय. त्याच क्षणी विघ्नेश उठून बसला आणि भडाभडा कुंडात ओकला.

आवाज ऐकून परेश धावत आला. ओकारी तरंगत होती, देव चौथऱ्यावरून खाली उतरला होता. पण गिऱ्हाईक आधी. त्याने चेहऱ्यावर हसू आणलं. "पॅनिक होऊ नका मॅडम, पॅनिक होऊ नका. हे चांगलं लक्षण आहे. डिटॉक्स. बघा, सगळं बाहेर पडतंय."

दर्शनाने त्याच्याकडे पाहिलं. किसनच्या छातीकडे पाहतानाही तिचा चेहरा इतका विटला नव्हता.

"हात लावू नका त्याला," ती म्हणाली. परेशने हात लावलेला नव्हता. ती मुलाचं तोंड ओढणीने पुसत सुटली, कपाळ, गाल, ओठ, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत. "घाण! घाण पाणी पाजलं मी तुला. घाण!"

"मम्मा, आय फील सिक."

"जहूर! यल्ला, गाडी!" किसन ओरडला. परेशच्या लाउंजमध्ये कुणी ओरडून हुकूम देण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"किसन, खलास," परेश दात आवळून म्हणाला. "कळलं? खलास. उद्यापासून तोंड दाखवू नकोस. तुझा व्हिसा..."

"हे असं रंगवलेलं तोंड मी दाखवणार तरी कुणाला?" किसन म्हणाला, आणि मुलाला उचलायला वाकला. दर्शनाने त्याला उचलू दिलं नाही. तिने स्वतःच कडेवर घेतला. तो आता कडेवर मावण्याएवढा राहिला नव्हता, पाय खाली लोंबत होते, तरी ती जिन्याने धावत उतरली.

व्हॅनमध्ये ती पुढे बसली, मुलगा मांडीवर. किसन मागे, टॉवेल गुंडाळून. जहूर सगळ्या गल्ल्यांतून गाडी काढत होता आणि दर सिग्नलला पुटपुटत होता, इन्शाल्ला, इन्शाल्ला. दर्शना फोनवर नवऱ्याला सांगत होती, "मी बंद करणार होते रे. आज बंदच करणार होते," आणि तेच तेच म्हणत होती.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मुलाला आत नेलं. बाहेर मल्याळी नर्सने डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी, कमरेला टॉवेल, छातीतून रक्त येणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, "यू आर द पेशंट?"

"नो, नो," जहूर म्हणाला. "ही इज गॉड. नाऊ नो जॉब."

संध्याकाळपर्यंत विघ्नेशला सलाइन लागलं होतं, इन्शुलिन चालू होतं. डॉक्टर दर्शनाला बरंच बोलले. आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. किसन खुर्चीवर बसला होता. त्याच्या आणि शेजारच्याही खुर्चीवर सोनेरी डाग पडले होते, म्हणून तो शेजारची खुर्चीही अडवून बसला होता, दुसरं कुणी बसू नये.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"मोबाइल मागतोय," ती म्हणाली. मग ती समोर उभीच राहिली. त्याला वाटलं, आता ही हात जोडणार. त्याने पाय मागे घेतले.

तिने हात जोडले नाहीत. ओढणीचं टोक नाकाला लावलं.

"तुमच्या अंगाला फार घाण वास येतोय हो," ती म्हणाली. "आत त्वचेच्या डॉक्टर आहेत, मी नंबर लावलाय. उठा. आणि आधी तिकडे बाथरूम आहे, ते सोनं धुऊन या. साबण मागून आणलाय मी."

किसनने साबण घेतला. बाथरूममध्ये बेसिनवर वाकून तो घासायला लागला तेव्हा पाणी आधी पिवळं गेलं, मग काळपट, मग गुलाबी. छातीला साबण लागला तसा तो दात खाऊन कण्हला. पण थांबला नाही. कानांतही बोट घालून घासत राहिला, कारण रात्री आईचा फोन येणार होता आणि ती आधी कानच बघायची.